तिकिटाची मागची बाजू

आईचं वजन आयुष्यभर ४२ किलोच्या आसपास राहिलं आणि आमच्या घराला त्याचा अभिमान होता. परळच्या चाळीतल्या बायका आपल्या सुनांना सांगायच्या, "दोन बाळंतपणं झाली, तरी बघ कशी शेलाटी राहिलीय." आई लाजायची, पण तिला ते आवडायचं. भाऊबीजेला ठाण्याच्या मामाकडे जाताना परळ स्टेशनवरच्या वजनाच्या मशीनवर आम्ही चौघं एकेक करून उभे राहायचो. नाणं टाकलं की आतलं रंगीत चाक गरगर फिरायचं, लाल-हिरवे दिवे लुकलुकायचे. चाक थांबेपर्यंत हलायचं नाही, असा बाबांचा हुकूम असे. मग खटकन पुठ्ठ्याचं तिकीट खाली पडायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. भविष्य हिंदीत असायचं, ते बाबा मोठ्याने वाचून दाखवायचे. बाबा बेस्टमध्ये कंडक्टर, तिकीट हातात आलं की ते उलटून बघण्याची त्यांना सवयच होती. वजनाच्या पाठीवर भविष्य छापलेलं असतं ही गोष्ट तेव्हा इतकी साधी वाटायची, की तिच्याकडे नीट बघायला मला पन्नाशी गाठावी लागली.

१९९५ साली आईच्या पायाला चप्पल लागून जखम झाली आणि ती महिनाभर भरेना. रात्री ती तीन-तीनदा पाण्याला उठायची. तपासणीत उपाशीपोटीची साखर २१२ निघाली. आईचं वय तेव्हा ४६. घरात कोणाचाच विश्वास बसला नाही. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "रिपोर्ट कोणाचा तरी बदलला असणार. हाडाला कातडं चिकटलेल्या बाईला साखर कुठून येणार?" आम्ही दुसऱ्या लॅबमध्ये जाऊन पुन्हा रक्त दिलं. आकडा तोच आला. आईला त्या दिवसापासून जी शरम वाटू लागली ती मला विसरता येत नाही. मधुमेह म्हणजे जास्त खाणाऱ्यांचा, बसून राहणाऱ्यांचा आजार, असं तिच्या मनात पक्कं होतं. जी बाई सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर उरलंसुरलं खायची, ती मला रात्री हळूच विचारायची, "असं काय गं खाल्लं मी?"

त्या प्रश्नाचं उत्तर मला बऱ्याच वर्षांनी मिळालं. ते तिच्या ताटात नव्हतंच.

आईची उंची १४७ सेंटिमीटर. वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं की जो आकडा येतो तो बीएमआय. आईचा १९.४ यायचा. दवाखान्याच्या भिंतीवरच्या तक्त्यात १८.५ ते २५ हा पट्टा हिरवा असतो आणि आई आयुष्यभर त्या हिरव्यात उभी होती. हे गणित ज्याने मांडलं तो अडॉल्फ केटले बेल्जियमचा खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ. १८३०च्या दशकात त्याला माणसांच्या समूहातली सरासरी शोधायची होती, आणि मोठ्या माणसांचं वजन साधारण उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं असं त्याला दिसलं. कोण आजारी पडेल, कोण किती जगेल, हा त्याचा प्रश्नच नव्हता. वजनाची आयुर्मानाशी गाठ मारली ती पुढे अमेरिकेतल्या विमा कंपन्यांनी, कारण कोणता ग्राहक लवकर जाईल यावर त्यांचा धंदा चालतो. मेट्रोपॉलिटन लाइफ या कंपनीचे उंची-वजनाचे तक्ते १९४०च्या दशकापासून डॉक्टरांच्या टेबलावर आले. १९७२ मध्ये अॅन्सेल कीज यांनी पाच देशांतल्या सात हजारांवर माणसांची मापं तपासून केटलेच्या सूत्राला बॉडी मास इंडेक्स हे नाव दिलं. ती सगळी मापं पुरुषांची होती आणि त्या पाच देशांत भारत नव्हता. कोकणात जन्मलेली, गिरणगावात संसार केलेली बाई तो तक्ता करणाऱ्यांच्या स्वप्नातही आली नसेल.

ती पुण्यातल्या एका डॉक्टरांच्या मनात मात्र होती. केईएम रुग्णालय, पुणे इथले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्याकडे मधुमेहाचे जे रुग्ण येत, त्यांतले पुष्कळसे पुस्तकात वर्णन केलेल्या रुग्णांसारखे नव्हते. ते तरुण होते आणि बारीक होते. २००४ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात त्यांनी आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी आपल्या दोघांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापला. दोघांचाही बीएमआय २२.३, अगदी दशांशापर्यंत सारखा. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. काटा एकच आकडा दाखवत होता आणि त्याखाली दोन निराळी शरीरं होती. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा कितीतरी वेळ तो फोटो बघत बसले होते. आईला दाखवला तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे डॉक्टरांचंपण माझ्यासारखंच?"

याज्ञिकांच्या चमूने १९९०च्या दशकात पुण्याजवळच्या खेड्यांत गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा पाठपुरावा सुरू केला. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो आणि इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं सगळ्याच बाजूंनी लहान होती. पोट लहान, स्नायू लहान. पण खांद्याच्या फऱ्याखालची चिमूट मापली तर तिथली चरबी जवळजवळ तेवढीच होती. आईच्या पोटात अन्न तुटपुंजं असेल तर वाढणारं बाळ मेंदू सांभाळतं, चरबी राखून ठेवतं आणि स्नायूंवर काटकसर करतं. रक्तातली साखर जिरवण्याचं सगळ्यात मोठं कोठार म्हणजे स्नायू. ज्याचं कोठारच लहान, त्याच्याकडे पुढे थोडं जरी जास्त आलं तरी ते यकृतात आणि पोटाच्या आत, आतड्यांभोवती साठतं. वरून माणूस बारीकच दिसतो.

माझी आजी भाताची लावणी करता करता बाळंत व्हायला घरी आली, असं आई सांगते. १९४९च्या पावसाळ्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या त्या घरात बाळाला तागडीत कोण घालणार? पण सुपात मावली होती, एवढं घरात सगळ्यांना माहीत आहे. आईच्या त्या रात्रीच्या प्रश्नाचं उत्तर तिच्या जन्माच्या आधी, आजीच्या ताटात होतं. आणि ते तिथे थांबलं असंही नाही. नायगावच्या प्रसूतिगृहातल्या माझ्या कार्डावर माझं जन्मवजन लिहिलंय: २ किलो ३००.

आमच्या बोलण्यात 'तब्येत' हा शब्द कसा येतो बघा. "गावाहून आलास, तब्येत सुधारली हं" याचा अर्थ वजन वाढलं. "तब्येत उतरली" म्हणजे वजन कमी झालं. खाल्लेलं अंगी लागणं ही कौतुकाची गोष्ट, न लागणं ही काळजीची. मला पूर्वी हे अडाणीपणाचं वाटायचं. आता वाटत नाही, कारण या भाषेने काय काय पाहिलंय ते मला माझ्याच घरात दिसलंय.

आत्या लालबागला राहायची. तिचे यजमान, आमचे आतोबा, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला तेव्हा मी आठ वर्षांची होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यांतले बहुतेक पुन्हा आत गेलेच नाहीत. गिरणगावात एकटे राहणाऱ्या कामगारांना बायका घरातल्या घरात जेवू घालायच्या, त्या खाणावळी. आत्याही दहा-बारा माणसांना डबा द्यायची. अशाच खाणावळवाल्या बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं होतं. संप लांबला तशी जेवणारी माणसं गावी निघून गेली, ज्यांची बाकी राहिली होती ती बुडाली. आतोबा आधी संध्याकाळचं जेवण टाळायला लागले, "भूक नाही" म्हणून. मग खोकला आला. संपाच्या दुसऱ्या वर्षी त्यांना शिवडीच्या टीबी हॉस्पिटलात दाखल केलं तेव्हा वजन ३८ किलो होतं, उंची पाच फूट तीन इंच. मी बाबांबरोबर एकदाच गेले होते. त्यांनी हात वर करून मला बोलावलं आणि बाही खांद्यापर्यंत घसरली. तेवढंच मला आठवतं. औषधं चालू होती, तरी ते दोन महिन्यांत गेले.

क्षयाने माणूस वाळतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. वाळलेल्या माणसाला क्षय धरतो, हेही तितकंच खरं आहे आणि ते फार कमी बोललं जातं. झारखंडमध्ये झालेल्या एका मोठ्या अभ्यासात २,८०० क्षयरुग्णांना औषधांबरोबर दर महिन्याला १० किलोचा शिधा दिला: तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल. त्यांतल्या साधारण निम्म्या घरांत बाकीच्यांनाही शिधा मिळाला. २०२३ मध्ये त्याचे निष्कर्ष लॅन्सेट आणि लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये आले. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्क्यांनी वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. शिधा मिळालेल्या घरांतल्या इतरांना क्षय होण्याचं प्रमाणही जवळजवळ ४० टक्क्यांनी घटलं. ३८ किलोचे पाच टक्के म्हणजे १ किलो ९००. मी हे गणित बँकेतल्या कॅल्क्युलेटरवर केलं आणि नंतर कितीतरी वेळ काऊंटरवर मान वर करता आली नाही. दोन किलोही नाहीत.

आपल्या शहराची या बाबतीतली स्वतःची एक नोंदवही आहे. १९९१ ते १९९७ या काळात डॉ. प्रकाश गुप्ता यांच्या चमूने मतदार याद्या घेऊन मुख्य मुंबईत घरोघरी फिरून ३५ वर्षांवरच्या १,४८,१७३ लोकांची नोंद केली. वजन, उंची, तंबाखू, मशेरी, विडी, सगळं हातातल्या छोट्या संगणकावर. जिथे गेटवर पहारेकरी अडवायचे त्या श्रीमंत इमारती वगळाव्या लागल्या. म्हणजे ही नोंद बरीचशी आमच्यासारख्यांची, चाळींतल्या आणि वस्त्यांतल्या माणसांची. काही वर्षांनी तेच दरवाजे पुन्हा ठोठावून कोण राहिलं, कोण गेलं हे पाहिलं. सगळ्यात जास्त धोका अगदी हडकुळ्या लोकांना निघाला. बीएमआय १६च्या खाली असलेल्यांच्यात मृत्यूचा धोका मध्यम वजनाच्या लोकांच्या दुपटीच्या आसपास होता. २५ ते ३० या, तक्ता ज्यांना 'जादा वजनाचे' म्हणतो त्या गटात तो किंचित कमीच होता.

हे वाचून कोणी म्हणेल, मग काय, खा बिनधास्त. तसं म्हणता येत नाही. विडी-तंबाखूने माणूस बारीक होतो आणि मरतोही लवकर. कॅन्सर, क्षय, दमा आधी अंग उतरवतात, मग जीव नेतात. म्हणून बारीक माणसांच्या गटात आधीच आजारी असलेले पुष्कळ जमा होतात आणि शेजारचा गट आहे त्यापेक्षा निरोगी भासतो. २०१६ मध्ये चार खंडांतल्या २३९ अभ्यासांतल्या एक कोटीहून जास्त लोकांची माहिती एकत्र केली गेली. धूम्रपान करणारे, आधीपासून आजारी असलेले आणि पहिल्या पाच वर्षांत गेलेले लोक बाजूला काढले, तेव्हा सगळ्यात कमी धोका २० ते २५च्या दरम्यान दिसला आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तो चढत गेला. ज्या शहरात टीबी आणि भूक अजून आहे तिथे डावीकडचा चढ आधी अंगावर येतो. ज्या घरात आता स्विगीची पिशवी रोज येते तिथे उजवीकडचा. एका घरातही दोन्ही येतात.

कारण आत्या. नवरा गेल्यावर तिने पुन्हा खाणावळ सुरू केली, या वेळी गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या ऑफिसांतल्या पोरांसाठी. पहाटे चारला उठायची, रात्री अकराला उरलेला भात आणि बटाट्याची भाजी खाऊन तिथेच आडवी व्हायची. झोप चार-पाच तास. साठीपर्यंत तिचं वजन ८४ किलो झालं होतं. गुडघे गेले, जिना चढताना ती प्रत्येक मजल्यावर कठड्याला धरून थांबायची. तिच्या घोरण्यात मध्येच श्वास अडकायचा आणि आम्हा मुलांची झोप उडायची.

तिला धाप लागते म्हणून मी तिला एका डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी काट्यावर उभं केलं, आकडा बघितला आणि म्हणाले, "पंधरा किलो कमी करून या, मग बघू." स्टेथोस्कोप लावला नाही, पापणी ओढून बघितली नाही. आत्या बाहेर येऊन मला म्हणाली, "बरोबरच आहे त्यांचं." सात महिने ती एक वेळ जेवली. पाळी थांबून दहा वर्षं झाली तरी अंगावरून जातंय हे तिने कोणाला सांगितलंच नाही, कारण त्या दिवसानंतर आपल्या शरीराबद्दल तक्रार करायचा आपल्याला हक्क नाही असं तिला वाटायला लागलं होतं. शेवटी चक्कर येऊन पडली तेव्हा हिमोग्लोबिन साडेसहा होतं. गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर निघाला.

आणि हेही सांगायला हवं: त्या कॅन्सरचा वजनाशी खरोखरच संबंध आहे. पाळी गेल्यावर बाईच्या शरीरात इस्ट्रोजेन मुख्यतः चरबीतच तयार होतं, आणि चरबी जितकी जास्त तितकं ते गर्भाशयाच्या अस्तराला वाढत राहायला सांगतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरविषयक संस्थेने २०१६ मध्ये अशा १३ प्रकारच्या कॅन्सरांचा लठ्ठपणाशी संबंध असल्याचं मान्य केलं. म्हणजे त्या डॉक्टरांनी वजनाकडे बघितलं यात चूक नव्हती. वजनाकडे बघून ते थांबले. जाड बाई समोर बसली आहे याचा अर्थ त्यांनी आणखी खोलात जाऊन विचारायला हवं होतं, अंगावरून जातं का, झोपेत श्वास अडतो का. त्यांनी तिला घरी पाठवलं. मला आजही याचा राग येतो आणि तो यावा असंच मला वाटतं. नशिबाने आजार पहिल्या टप्प्यात होता. शस्त्रक्रियेनंतर आत्या अकरा वर्षं जगली, खाणावळ तिने ७१ व्या वर्षी बंद केली.

आता बाबांकडे येते, कारण या सगळ्यात मला सगळ्यात जास्त शिकवलं ते त्यांच्या बसने.

मुंबईत डबल डेकर १९३७ मध्ये आली. आपल्याकडे दोन मजल्यांना दोन कंडक्टर असत, आणि बाबांना बहुतेक वेळा वरचा मजला मिळे. टिनची पेटी काखेत, पंच बोटांत, आणि पाळी संपेपर्यंत त्या डुलत्या मजल्यावर पुढून मागे, मागून पुढे. मजला रिकामा असला तरी बाबा बसायचे नाहीत. बसलं की पाय जड होतात म्हणायचे. १९५३ मध्ये लंडनच्या डॉ. जेरी मॉरिस यांनी तिथल्या डबल डेकरवरच्या ड्रायव्हर-कंडक्टरांचा अभ्यास छापला होता. तिथे एकच कंडक्टर दोन्ही मजले सांभाळायचा, दिवसाला ५०० ते ७५० पायऱ्या चढायचा. ड्रायव्हर दिवसभर बसून. दोघे एकाच वर्गातले, एकाच वस्तीतले, एकाच बसवरचे. हृदयविकाराचे झटके कंडक्टरांना ड्रायव्हरांपेक्षा बरेच कमी येत.

पण मला जास्त आवडतो तो त्यांचा पुढचा, १९५६ सालचा शोध. ड्रायव्हर मुळातच स्थूल असतील आणि म्हणून झटके येत असतील, अशी शंका कोणालाही येईल. मॉरिस यांनी काय केलं, तर गणवेशाच्या नोंदी मागवल्या. कोणाच्या पँटची कंबर किती, हे शिंप्यांच्या वहीत होतंच. ड्रायव्हरांच्या कमरा खरंच मोठ्या होत्या. तरीही सडपातळ असो, मध्यम असो की पोट सुटलेला असो, त्याच मापाच्या ड्रायव्हरपेक्षा कंडक्टर अचानक दगावण्याचं प्रमाण कमी होतं. चालण्या-चढण्याने काहीतरी असं होत होतं जे कमरेच्या मापात दिसत नव्हतं.

हे मी बाबांना वाचून दाखवलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी त्यांच्या ड्रायव्हरची आठवण काढली. साताऱ्याकडचे काका, आमच्याच मजल्यावर राहायचे. बाबा आणि ते एकाच शिंप्याकडे खाकी पँटी टाकायचे, दोघांची कंबर ३४. काका ५१ व्या वर्षी गेले, गाडी डेपोत लावून उतरताना. विड्या ओढायचे, त्यामुळे सगळं सीटवर ढकलता येणार नाही, आणि एका माणसावरून काही सिद्धही होत नाही. पण ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका येण्याचं सरासरी वय ५३ निघालं होतं, इतर देशांत ५८.८. काकांचं वय ऐकून डोळे पाणावतात, पण आपल्याकडे ते वय विरळ नाही.

बाबा ८२ वर्षांचे आहेत. १५ सप्टेंबर २०२३ला जुनी डिझेलवरची डबल डेकर अंधेरीत शेवटची धावली तेव्हा त्यांनी हट्टाने मला बरोबर नेलं. गर्दी इतकी होती की चढता आलं नाही. त्यांनी लांबूनच वरच्या मजल्याच्या खिडक्या मोजल्या.

माझं सांगते. मी १५५ सेंटिमीटर, वजन ६४ किलो, बीएमआय २६.६. जागतिक तक्त्यात मी 'जादा वजनाची'. २००९ मध्ये भारतीय डॉक्टरांनी आपल्यासाठी ठरवलेल्या मर्यादेत २३च्या पुढे जादा वजन आणि २५च्या पुढे लठ्ठपणा, म्हणजे माझं विमान मुंबईत उतरलं की मी लठ्ठ होते. पण खरं कळलं ते शिंप्याच्या टेपने. कंबर ८८ सेंटिमीटर. भारतीय बाईसाठी मर्यादा ८०ची, पुरुषासाठी ९०ची. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी हा आणखी सोपा हिशेब, त्यातही मी दहा सेंटिमीटरने पुढे. सोनोग्राफीत यकृतावर चरबी, तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ६.० टक्के, मधुमेहाच्या उंबरठ्यावर. भांडुपहून सीएसएमटी उभ्याने जाते, पण त्यानंतर आठ तास खुर्ची. मी वरच्या मजल्यावरच्या कंडक्टरची मुलगी असून ड्रायव्हरचं आयुष्य जगत होते.

ऑफिसात सध्या वजन उतरवणाऱ्या, आठवड्यातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनाची चर्चा असते. मार्च २०२५ मध्ये माउंजारो भारतात आलं, माझी एक सहकारी घेते आणि तिची साखर, रक्तदाब दोन्ही उतरले. ज्यांना गरज आहे त्यांनी डॉक्टरांच्या देखरेखीत घ्यावं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. एवढंच, की वजन झपाट्याने उतरतं तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि आपल्याकडे ते मुळातच कमी. माझ्या डॉक्टरांनी मला आधी वर्षभर दुसरं करून बघायला सांगितलं. त्यांनीच चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या २००६च्या अभ्यासाबद्दल सांगितलं. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीयांपैकी ज्यांनी आहार सुधारला आणि चालणं वाढवलं त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं. वजन मात्र म्हणावं असं कमी झालं नव्हतं. काटा हलला नाही म्हणून निराश होऊन सोडू नका, असं माझ्या डॉक्टर मला तीन वेळा म्हणाल्या.

मी दादरला उतरून एक पूल जास्त चढते. रात्रीचं जेवण आठला आणलं, भात वाटीने मोजते, उसळ दुप्पट घेते. शनिवार-रविवार घरात वजनं उचलते. नऊ महिन्यांत वजन अडीच किलोच उतरलं, पण कंबर ८२ झाली आणि साखर ५.६. हे लिहिताना मला जो आनंद होतोय तो लपवायचा नाही.

आई ७६ वर्षांची आहे. तीस वर्षं मधुमेह सांभाळतेय, डोळे शाबूत, किडनी शाबूत. गेल्या पावसाळ्यात न्हाणीघरात घसरली, सुदैवाने हाड मोडलं नाही. पण डॉक्टरांनी वजन बघितलं, ३९. त्यांनी तिची पोटरी दाबून बघितली आणि म्हणाले, "आजी, आता तुम्हाला बारीक राहून चालणार नाही. या वयात वजन उतरतं तेव्हा आधी मांस उतरतं, मग माणूस पडतो. दोन-तीन किलो वाढवा, पण पायांत वाढवा." आई माझ्याकडे बघत राहिली. वजन वाढवायला सांगणारा डॉक्टर तिला जन्मात पहिल्यांदा भेटला होता.

आता रोज सकाळी एक अंडं, दुपारी ताकाबरोबर पनीर, आणि संध्याकाळी पाच वाजता खुर्ची. हात न टेकता खुर्चीतून उठायचं आणि सावकाश बसायचं, दहा वेळा. सुरुवातीला तीनला दमायची. मोजायचं काम बाबांनी स्वतःकडे घेतलंय. ते दाराच्या चौकटीला टेकून उभे राहतात, बसत नाहीत, आणि ती मध्येच थांबायला लागली की भिंतीवर बोटाने दोन टिचक्या मारतात, टिंग टिंग, गाडी सोडा. काल मी कामावरून आले तेव्हा आई उठत होती, पदर कमरेला खोचलेला, दात आवळलेले.

"सात," बाबा म्हणाले. "अजून तीन."